चिकासॉ खेड्याचा इतिहास आणि आपल्या मौजांचे कागद

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या एमेट या चिकासॉ वारशाच्या छोट्या खेड्यावर लेख आला. मराठीत या विषयावर फार कमी लिहिले जाते, म्हणून लेख आवडीने वाचला. पण त्यातली तीन मोठी विधाने चुकीची आहेत आणि तिन्ही चुकांचे मूळ एकच आहे. लेखकाने एक सरकारी यादी हाती घेतली आणि तिलाच गाव मानले. नागपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या गोंड गावांचे इतिहास लिहायला आज बरीच तरुण मंडळी बसली आहेत. त्यांचेही पाऊल नेमके इथेच चुकते. म्हणून हे पत्र सविस्तर लिहितो आहोत. लांब वाटल्यास दोन भागांत छापावे, पण आकडे गाळू नयेत.

आधी नावाविषयी. लेखाच्या मथळ्यात 'रेड इंडियन' असा शब्द आहे, तो नको. हे लोक स्वतःला चिकाशा म्हणवतात, इंग्रजीतून आलेले नाव चिकासॉ. त्यांचे आजही स्वतःचे सरकार आहे, त्याचे मुख्यालय एडा शहरात आहे, आणि त्या सरकारला ते 'राष्ट्र' म्हणतात. टोळी, कबिला असले शब्द तिथे बसत नाहीत.

पहिले चुकीचे विधान म्हणजे 'सरकारने त्यांना ओक्लाहोमात जमीन दिली'. दिली नाही, त्यांनी ती विकत घेतली. चिकासॉ मूळचे उत्तर मिसिसिपीचे. आजच्या टुपेलो शहराच्या आसपास त्यांची दाट वस्ती होती आणि शिकारीचा मुलूख अलाबामा, टेनेसी, केंटकीपर्यंत पसरला होता. १७३६ मध्ये फ्रेंचांनी त्यांच्यावर दोनदा स्वारी केली आणि दोन्ही वेळा ते हरले. तलवारीने जे जमले नाही ते शंभर वर्षांनी कायद्याने झाले. १८३० मध्ये अमेरिकी काँग्रेसने पूर्वेकडच्या आदिवासींना मिसिसिपी नदीपार हलवण्याचा कायदा केला. २० ऑक्टोबर १८३२ च्या पाँटोटॉक क्रीक तहात चिकासॉंनी पूर्वेकडची साठ लाख एकरांहून अधिक जमीन सोडली. त्या तहात ठरले ते असे, की जमीन मोजून विकायची आणि पैसा चिकासॉंच्या निधीत जमा करायचा. पश्चिमेला नवा मुलूख शोधणे त्यांच्याकडेच होते. अखेर १७ जानेवारी १८३७ रोजी डोक्सव्हिल येथे करार झाला. चोक्टॉ लोकांच्या मुलखाच्या पश्चिम भागात वसण्याच्या हक्कासाठी चिकासॉंनी ५,३०,००० डॉलर मोजले. हलण्याचा खर्चही त्यांच्याच निधीतून गेला. त्या वर्षीच्या मोजणीत सुमारे ४,९०० चिकासॉ होते आणि त्यांच्या मालकीचे सुमारे १,१५० कृष्णवर्णीय गुलाम होते. गुलामांचा आकडा पुन्हा लागणार आहे, तो लक्षात ठेवावा.

हा तपशील केवळ न्यायाचा म्हणून सांगत नाही, कागद वाचताना तो कामाला येतो. १८३७ ते १८५५ या काळात चिकासॉ हे चोक्टॉंच्या राज्यव्यवस्थेतला एक जिल्हा होते. १८५५ च्या तहाने ते वेगळे झाले, १८५६ मध्ये त्यांनी स्वतःची राज्यघटना केली आणि टिशोमिंगो ही राजधानी ठरली. राज्यकारभार वेगळा झाला, पण जमिनीची मालकी मात्र दोन्ही राष्ट्रांची सामाईक राहिली. परिणामी पुढे वाटप झाले तेव्हा चिकासॉ कुटुंबाने चोक्टॉ भागात हिस्सा निवडला, चोक्टॉ कुटुंबाने चिकासॉ भागात निवडला, असे सर्रास घडले. एमेटच्या एखाद्या घराण्याची जमीन एमेटच्या आसपास सापडली नाही, तर 'ते इथले नव्हतेच' असा निष्कर्ष काढू नये. दोन्ही राष्ट्रांचे नकाशे बघावेत.

दुसरे विधान, 'प्रत्येकाला ३२० एकर मिळाले'. हा आकडा पुस्तकांतून पुस्तकांत फिरत राहतो, म्हणून तो नीट सोडवून सांगतो. वाटप होईपर्यंत जमीन सर्वांची होती. ज्याने शेत पिकाखाली आणले, कुंपण घातले, घर बांधले, त्या सुधारणा त्याच्या, खालची माती राष्ट्राची. ही सामाईक जमीन माणसागणिक वाटून देण्यासाठी अमेरिकी सरकारचा डॉज आयोग १८९३ मध्ये नेमला गेला, १८९७ मध्ये वाटपाचा अटोका करार झाला, १८९८ मध्ये काँग्रेसने कर्टिस कायद्यात तो घातला आणि १९०२ मध्ये पुरवणी करार झाला. या पुरवणी कराराचे शब्द आहेत 'सरासरी प्रतीच्या ३२० एकर जमिनीच्या किमतीइतकी जमीन'. म्हणजे मोजमाप किमतीचे होते, क्षेत्राचे नव्हते. प्रतवारी करून एकरी २५ सेंटपासून साडेसहा डॉलरपर्यंत दर लावले गेले आणि एका माणसाचा हिस्सा १,०४१ डॉलर २८ सेंट ठरला. आता हिशेब करा. साडेसहा डॉलर दराची नदीकाठची काळी जमीन घेतली तर सुमारे १६० एकरांत हिस्सा संपतो. एक डॉलर दराची खडकाळ घेतली तर हजार एकरांच्या वर जातो. त्यामुळे मोठा आकडा दिसला की श्रीमंत घर, छोटा दिसला की गरीब, असे समजणारा हमखास फसतो. आपल्याकडे जमीन महसुलाच्या बंदोबस्तात मातीची प्रत पाहूनच सारा ठरत असे, तेव्हा नागपूरच्या वाचकाला हे समजायला जड जाऊ नये.

या हिश्श्याचे दोन भाग असत. १६० एकर किमतीइतका भाग राहत्या घराचा, त्याला होमस्टेड म्हणत. बाकीचा उरलेला हिस्सा. हे दोन्ही भाग एकाला एक लागून असतीलच असे नाही. १९०३ मध्ये टिशोमिंगोला चिकासॉंसाठी वाटपाचे कार्यालय उघडले, तेव्हा लोकांनी घर जिथे होते तिथला होमस्टेड आधी धरला आणि बाकी जमीन जिथे शिल्लक होती तिथली घेतली. पाच माणसांच्या एका घराचे दहा तुकडे चार दिशांना दिसू शकतात. गावाचा नकाशा काढताना फक्त होमस्टेड रंगवावेत, उरलेले हिस्से फिक्या रेघांनी दाखवावेत. सगळे एकाच रंगात भरले की गाव कुठे होते हेच दिसेनासे होते.

तिसरी चूक सर्वांत मोठी आहे. लेखात म्हटले आहे, 'डॉज यादीप्रमाणे गावात इतके चिकासॉ होते, म्हणजे गावाची लोकसंख्या तेवढी होती.' डॉज यादी म्हणजे वाटपासाठी आयोगाने केलेली हक्कदारांची नोंद, आणि त्या यादीत एक नव्हे, अनेक याद्या आहेत. 'रक्ताने चिकासॉ' ही एक. सप्टेंबर १९०२ नंतर ४ मार्च १९०५ पर्यंत जन्मलेल्या बाळांची दुसरी. ४ मार्च १९०६ रोजी हयात असलेल्या अल्पवयीनांची तिसरी. लग्नाने नागरिक झालेल्या गोऱ्यांची चौथी. आणि मुक्त गुलामांची व त्यांच्या मुलांची, म्हणजे फ्रीडमन लोकांची, वेगळी. लेखकाने पहिल्या यादीतली नावे मोजली आणि थांबले. फ्रीडमन यादीत साडेचार हजारांहून अधिक माणसे आहेत, रक्ताच्या यादीत साधारण साडेपाच हजार. म्हणजे ज्यांना वगळले ती जवळजवळ निम्मी वस्ती आहे.

या माणसांचा हिशेब कसा झाला तेही लिहिले पाहिजे. १८३४ च्या तहात मिसिसिपीतल्या जमिनीचे सेक्शन कुटुंबाच्या आकाराप्रमाणे ठरले होते. पाचांहून कमी माणसांच्या घराला दोन सेक्शन, पाच ते नऊ माणसांना तीन, दहा व त्याहून अधिक असतील तर चार. त्यावर ज्याच्याकडे दहाहून अधिक गुलाम त्याला एक सेक्शन जादा, दहा किंवा त्याहून कमी असतील तर अर्धा. एक सेक्शन म्हणजे ६४० एकर. गुलामांच्या डोक्यांवर मालकाला जमीन मिळाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर १८६६ च्या तहाने गुलामगिरी संपली. मुक्त झालेल्यांना दोन वर्षांत नागरिक करून घ्यावे, नाही तर अमेरिकी सरकार त्यांना दुसरीकडे हलवील, असे त्यात होते. चिकासॉंनी त्यांना नागरिक केले नाही आणि सरकारने त्यांना हलवलेही नाही. चाळीस वर्षे ही माणसे तिथेच शेती करत राहिली. मत नाही, राष्ट्राच्या शाळा नाहीत. वाटपात त्यांना मिळाले सरासरी ४० एकर किमतीची जमीन, म्हणजे १३० डॉलर १६ सेंट. चिकासॉ नागरिकाच्या हिश्श्याचा बरोबर आठवा भाग. आजही चिकासॉ राष्ट्राचे नागरिकत्व रक्ताच्या यादीतल्या पूर्वजावरून ठरते, फ्रीडमनांच्या वंशजांना ते नाही. चिकासॉंवर झालेला अन्याय सांगताना चिकासॉंनी केलेला हा अन्याय झाकू नये. दोन्ही त्याच मातीत घडले.

यादीच्या आत आणखी एक गुंता आहे. बाप चिकासॉ आणि आई गुलाम किंवा गुलामाची मुलगी, अशा मुलाला आयोगाचे कारकून फ्रीडमन यादीत घालत. आयोग प्रत्येक घराचे एक नोंदणी कार्ड करी; फ्रीडमनांच्या कार्डावर रक्ताचा, म्हणजे आदिवासी रक्ताचा अंश किती हा, रकानाच नसे. त्याऐवजी 'कोणाचा गुलाम' हा रकाना असे, आईबापाच्या मालकांची नावेसुद्धा असत. बेटी लिगन आणि तिच्यासारख्या शेकडो जणांनी १९०७ मध्ये यावर दावा केला, की आमचा बाप चिकासॉ आहे, आम्हाला रक्ताच्या यादीत घ्या. ते हरले. एकाच बापाची दोन मुले, एक या यादीत ३२० एकरांचे, एक त्या यादीत ४० एकरांचे, असे सापडले की ती लेखनातली चूक समजून दुरुस्त करू नये. ती यादी तशीच बनवली गेली होती.

आता प्रत्यक्ष कार्ड कसे वाचायचे. कार्डाला एक क्रमांक असतो, तो घराचा. प्रत्येक माणसाला यादी क्रमांक असतो, तो त्याचा एकट्याचा. लोक हे दोन आकडे एकमेकांत मिसळतात. शिवाय यादी क्रमांक प्रत्येक यादीत एकपासून सुरू होतो, म्हणून 'क्रमांक ५००' एवढे लिहून भागत नाही. कोणत्या यादीतला ते लिहावेच लागते. वय हे अर्जाच्या दिवशीचे असते. कोपऱ्यातली तारीख वाचल्याशिवाय जन्मवर्ष काढले की पाच-सहा वर्षांची चूक सहज होते. खालच्या भागात आईबापांची नावे आणि ते हयात की मृत हे असते. इतिहासाच्या दृष्टीने तोच भाग सोन्याचा आहे, कारण त्यावरून १८४७ च्या आणि १८९३ च्या जुन्या याद्यांशी सांधा जुळतो. चिकासॉंमध्ये कूळ आईकडून चाले. कार्ड मात्र नवऱ्याच्या नावाने सुरू होते, कुळाची नोंदच नाही. म्हणून आईच्या माहेरची साखळी वेगळ्या कागदावर मांडावी. चिकासॉ बाईची मालमत्ता लग्नानंतरही तिचीच राही. मिसिसिपीच्या न्यायालयाने १८३७ मध्ये बेट्सी लव्ह अ‍ॅलन या चिकासॉ स्त्रीच्या खटल्यात हे मान्य केले होते. तेव्हा बायकोच्या नावावरचे कागद स्वतंत्रपणे शोधावेत.

कार्डावरच्या 'टपाल कार्यालय' या रकान्याने जितके लोक फसले तितके दुसऱ्या कशाने नसतील. ते माणसाच्या घराचे गाव नसते, तो पत्र घ्यायला कुठे जात होता ते असते. टपाल कार्यालय म्हणजे बहुधा दुकानातली एक खिडकी. दुकानदार हलला की नावासकट कार्यालय हलले. आणि गावांची नावेही बदलत. ओक्लाहोमातलेच बर्विन हे गाव १९४१ मध्ये एका गायक-अभिनेत्याच्या नावावरून जीन ऑट्री झाले. त्यात नावे फिरून फिरून तीच. टिशोमिंगो नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, मिसिसिपीत आहे, चिकासॉ राष्ट्रात होती आणि आजचे टिशोमिंगो हे ओक्लाहोमातले शहर आहे. पाँटोटॉकचे त्याहून कठीण. मिसिसिपीत एक, जुन्या चिकासॉ राष्ट्राच्या चार काउंट्यांपैकी एक, आणि १६ नोव्हेंबर १९०७ ला ओक्लाहोमा राज्य झाल्यावर नव्या हद्दींची तिसरी. वर्ष न लिहिता 'पाँटोटॉक काउंटी' असे लिहिलेले वाक्य निरुपयोगी आहे.

त्यापेक्षा जमिनीचे वर्णन विश्वासाचे. तिथे मोजणीचा आरंभबिंदू १८७० मध्ये फोर्ट आर्बकलजवळ ठरला. तिथून सहा मैल बाय सहा मैलांच्या टाउनशिप आखल्या आणि प्रत्येकीत एक चौरस मैलाचे ३६ सेक्शन केले. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात आणि पश्चिमेकडे सहापर्यंत जातात. सात हा सहाच्या खाली येतो आणि ओळ पूर्वेकडे वळते, जसे नांगर शेताच्या टोकाला वळतो तसे. एकाखाली सात शोधणारा पाच मैल चुकतो. पत्ता असा असतो: सेक्शन १२, टाउनशिप ४ दक्षिण, रेंज ७ पूर्व. टाउनशिप ४ दक्षिण म्हणजे आरंभरेषेच्या दक्षिणेला १८ ते २४ मैलांच्या पट्ट्यात, रेंज ७ पूर्व म्हणजे पूर्वेला ३६ ते ४२ मैलांत. सेक्शनचा चौथा भाग १६० एकर, त्याचा चौथा भाग ४० एकर म्हणजे सुमारे १६ हेक्टर. इंग्रजीत लहान तुकडा आधी लिहितात, मराठीत मोठा आधी येतो. शब्दाला शब्द ठेवून उतरवले की 'ईशान्य चतुर्थांशातला नैर्ऋत्य भाग' हा 'नैर्ऋत्य चतुर्थांशातला ईशान्य भाग' होऊन बसतो आणि जमीन शेजाऱ्याच्या शेतात जाते. आपल्या पुरवणीतल्या नकाशात हेच झाले असावे, कारण त्यातला ओढा आणि घरे जुळत नाहीत.

नकाशाचा आणखी एक घोटाळा आहे तो गावठाणाचा. मराठी माणूस गाव म्हटले की पार, वेस, चावडी आणि दाटीने बसलेली घरे पाहतो. तिथे गावठाण नसते. घरे ओढ्याच्या कडेने, एकमेकांपासून लांब लांब. गाव एकत्र येते ते झऱ्यावर, शाळेत, चर्चमध्ये आणि दुकानात. म्हणून हद्द ठरवायची तर चर्चची नोंदवही, शाळेचा पट आणि दफनभूमी या तिघांत समान येणारी नावे घ्यावीत. चर्चमधली भजने बहुतेक चोक्टॉ भाषेत छापलेली सापडतील. त्यावरून लोक चोक्टॉ होते असे ठरवू नये. दोन्ही भाषा एकाच कुळातल्या आणि जवळच्या आहेत, छापील गीतपुस्तक चोक्टॉतले होते, चिकासॉ तेच वापरत. चिकासॉ भाषाच तेवढी बोलणारी शेवटची व्यक्ती, एमिली जॉन्सन डिकरसन, डिसेंबर २०१३ मध्ये वारली. २००७ पासून त्या भाषेचे वर्ग राष्ट्रातर्फे चालतात.

लेखात 'पशोफा' या पदार्थाला मक्याची खीर म्हटले आहे, तेही दुरुस्त करावे. ती गोड नसते. भरडलेला मका आणि डुकराचे मांस, सारख्या वजनाचे, म्हणजे साधारण अर्धा-अर्धा किलो, आणि दोन लिटरच्या आसपास पाणी. मका आधी फुटेपर्यंत शिजवतात, मग मांस घालून काही तास मंद आचेवर ठेवतात. मीठ घालत नाहीत, ज्याने त्याने पानात घ्यायचे. सतत ढवळावे लागते, कारण मक्याची पेज तळाला धरली की सगळ्या कढईला वास लागतो. ज्वारीच्या कण्या रांधणाऱ्या घराला हे वेगळे सांगायला नको. सामुदायिक जेवणाच्या कढया कोणाच्या अंगणात लागत, हा प्रश्न मुलाखतीत जरूर विचारावा. गावाचे मध्य त्यावरून कळते.

एमेटमध्ये चिकासॉ राष्ट्राचे गव्हर्नर डग्लस जॉन्स्टन यांचे १८९५ चे घर उभे आहे, त्याला चिकासॉंचे व्हाइट हाउस म्हणतात. लेखाचा निम्मा भाग या घरावर खर्च झाला आहे. घर महत्त्वाचे आहेच. जॉन्स्टन आधी ब्लूमफील्ड अकादमी या मुलींच्या शाळेचे अधीक्षक होते, १८९८ मध्ये गव्हर्नर झाले आणि मधली दोन वर्षे सोडता १९३९ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्या पदावर राहिले. पण एका वाड्यावरून मौजाचा इतिहास लिहिणे म्हणजे मालगुजाराच्या वाड्यावरून रयतेचा इतिहास लिहिणे. १९०० च्या जनगणनेत चिकासॉ राष्ट्राच्या हद्दीत सव्वा लाखाहून अधिक माणसे होती आणि त्यातले बहुसंख्य बाहेरून आलेले गोरे कुळवाडी होते. रेल्वेने त्यांना आणले. १८७२ ची कॅटी आणि १८८७ ची सांता फे या दोन मार्गांनी. रूळ जिथून गेले तिथे बाजार उभे राहिले, जिथून गेले नाहीत ती खेडी बसली.

जमीन हातची गेली कशी, हे लेखात एका ओळीत उरकले आहे. खरे तर तिथेच थांबायला हवे होते. २७ मे १९०८ च्या कायद्याने विक्रीवरची बंधने रक्ताच्या रकान्यावर टांगली. अर्ध्याहून कमी रक्त, फ्रीडमन आणि लग्नाने आलेले गोरे, यांची सगळी जमीन खुली. अर्धे ते पाऊण रक्त असेल तर होमस्टेड राखीव, बाकी खुली. पाऊण किंवा त्याहून अधिक असेल तर सगळी राखीव. आणि हे रक्त कोणी ठरवले? आयोगाच्या कारकुनाने, पुष्कळदा चेहरा पाहून किंवा तोंडी उत्तरावरून. १८९९ साली तंबूत बसून लिहिलेला एक अपूर्णांक १९०८ मध्ये जमीन टिकणार की विकली जाणार हे ठरवू लागला. त्याच कायद्याने अल्पवयीनांच्या जमिनी काउंटी न्यायालयांच्या ताब्यात गेल्या. न्यायालय पालक नेमी, पालक 'मुलाच्या संगोपनासाठी' जमीन विके, आणि खर्चाच्या यादीत पालकाची फी सर्वांत मोठी असे. ही वारसा-प्रकरणांची पाकिटे काउंटीत आहेत. ती वाचताना विक्रीची किंमत, खरेदीदाराचे नाव आणि पालकाचे नाव असे तीन रकाने पाडावेत. तीच ती चार नावे पुन्हा पुन्हा येऊ लागतात.

राखीव राहिलेली जमीनही झिजली. १६० एकरांचा मालक वारला, पाच मुले. प्रत्येकाला चार मुले, त्यांना पुन्हा चार. तिसऱ्या पिढीत एकेकाचा अविभक्त हिस्सा ऐंशीवा, म्हणजे दोन एकर, आणि तेही कुठले दोन एकर हे कोणी दाखवू शकत नाही. शिवाय १९४७ च्या कायद्याप्रमाणे वारसाचे रक्त अर्ध्याहून कमी झाले की संरक्षण गळून पडे. ही अट काढणारी दुरुस्ती थेट ३१ डिसेंबर २०१८ ला मंजूर झाली.

आता आपल्याकडे येऊ. नागपूर शहरच गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसवलेले, पण भोवतालच्या गोंड गावांचे इतिहास विखुरलेले आहेत. इथेही पहिला आधार जमिनीचे कागद. आपल्या मौजाचे नाव, बंदोबस्त नंबर, पटवारी हलका नंबर आणि तहसील हे चार तपशील अर्जावर असल्याशिवाय नक्कल मिळत नाही, किंवा दुसऱ्याच मौजाची मिळते. एकाच नावाची गावे दोन तहसिलींत असतात आणि 'रिठी' लागलेले उजाड मौजे कागदावर अजून जिवंत असतात. १९१० च्या दशकातल्या बंदोबस्ताची मिसल म्हणजे मौजाचे मूळ दफ्तर, निस्तार पत्रक म्हणजे सामाईक हक्कांची नोंद, वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावच्या वहिवाटींची नोंद, आणि १९५४-५५ चे अधिकार अभिलेख, या क्रमाने मागावे. मालगुजारी १९५१ मध्ये संपली. अधिकार अभिलेख हा त्यानंतरचा पहिला मोठा ताळेबंद आहे. जुना खसरा नंबर आणि आजचा गट नंबर यांचा मेळ घातल्याशिवाय नकाशा काढू नये.

मिसलीत मालगुजार, मालिक मकबुजा म्हणजे स्वतःच्या शेताचे मालक, आणि कुळे दिसतात. सालदार, म्हणजे सालाने राबणारा गडी, दिसत नाही. आणि गोंड कुटुंबे कित्येक मौजांत सालदारच होती. फक्त मिसल वाचणाऱ्याला त्या गावात गोंड नव्हतेच असे वाटेल. डॉज यादीत फ्रीडमन न पाहणाऱ्याची जी चूक, तीच ही. त्यांच्यासाठी कोतवाल बुक म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर उघडावे. कोतवाल बुकातली तारीख ही बहुधा खबर दिल्याची असते, घटनेची नसते. नावे तोंडी सांगितलेली, म्हणून एकाच माणसाचे नाव तीन तऱ्हेने लिहिलेले सापडेल. मडावी, उईके, कुमरे, टेकाम अशा आडनावांवर थांबू नये, सगा म्हणजे कुळगट आणि देवांची संख्या विचारावी, कारण सोयरीक त्यावर ठरते आणि सोयरिकीवरून शेजारची कोणती गावे एक धरायची ते कळते. वाजिब-उल-अर्जात सरपण, चराई, मामा (माजी मालगुजारी) तलावाचे पाणी यांच्या वहिवाटी लिहिलेल्या असतात. वनहक्क कायद्याखालचा सामूहिक दावा करणाऱ्या ग्रामसभेला याच नोंदी पुरावा म्हणून लागतात, तेव्हा उतरवून घेताना पान क्रमांक सोडू नये.

जातीच्या रकान्याबद्दल नागपूरकराला अधिक काय सांगावे? 'गोंड गोवारी' हे दोन शब्द एक जमात की दोन, या प्रश्नावर २३ नोव्हेंबर १९९४ रोजी याच शहरात निघालेल्या मोर्चात ११४ गोवारी चेंगरून मेले. नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये एक निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो फिरवला. म्हणून कोतवाल बुकात 'गोंड', 'राजगोंड', 'गोवारी', 'गोंड गोवारी' जे लिहिले असेल ते अक्षर न अक्षर तसेच उतरवावे. आपल्या समजुतीने सारखे करू नये, आणि नोंदीचे वर्ष सोबत लिहावे.

दफनभूमी आणि मृतांसाठी उभे केलेले दगड, इथे आणि तिथे, शेवटी वाचावेत, पण कधीच टाळू नयेत. दगडावर खडू घासू नये, तारेचा ब्रश लावू नये, आम्ल तर नाहीच. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. कोवळ्या उन्हात, प्रकाश तिरपा पडेल असा फोटो घ्यावा, उन्ह नसेल तर आरशाने प्रकाश टाकावा; पुसट अक्षरे सावलीने उठून दिसतात. १९४४ मध्ये पूर्ण झालेल्या डेनिसन धरणाच्या टेक्सोमा तलावात वुडव्हिलसारखी जुनी चिकासॉ मुलखातली वस्ती बुडाली. तोतलाडोह आणि गोसीखुर्दखाली आपली गावे गेली. बुडालेल्या गावाचे दगड पुनर्वसनाच्या यादीत नसतात, ज्यांना जागा आठवतात त्यांना सोबत घेऊन काठावरून नकाशा करावा लागतो आणि ती माणसे आता म्हातारी झाली आहेत.

मुलाखतींबाबत एकच सूचना. ओक्लाहोमात १९३७-३८ मध्ये जुन्या माणसांच्या हजारो मुलाखती सरकारी योजनेतून घेतल्या गेल्या, त्यांचे शंभरहून अधिक खंड आहेत. पण त्या ध्वनिमुद्रित नाहीत. लिहून घेणाऱ्याने टिपणांवरून मागाहून लिहिलेल्या आहेत. त्यातले वाक्य अवतरणचिन्हात घालून 'तो म्हणाला' असे छापू नये. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. गोंडीत बोलणाऱ्याची मुलाखत गोंडीतच मुद्रित करावी आणि मराठी भाषांतर वेगळे ठेवावे.

आमची आपणास विनंती अशी. एमेटविषयीच्या तिन्ही चुकांची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापावी, आणि त्यात फ्रीडमनांचा उल्लेख अवश्य असावा. विदर्भातल्या गावांचे इतिहास आपण पुढे छापणार असाल, तर प्रत्येक लेखासोबत एक छोटी चौकट द्यावी: मौजा, बंदोबस्त नंबर, तहसील, कोणकोणते कागद पाहिले, त्यांची वर्षे, आणि त्या कागदांत गावातल्या कोणत्या लोकांची नावे येत नाहीत.

आपले,
भूमी अभिलेख आणि वंशावळींच्या कागदांवर काम करणारे काही वाचक,
नागपूर